इंटर्नल की एक्स्टर्नल?

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, ‘इंटर्नल की एक्स्टर्नल?’ तो आधी दचकेल आणि मग घाबरत विचारेल, ‘कुठल्या सब्जेक्टची?’ आपल्याकडे इंटर्नल म्हणजे आपलेच सर, जर्नल पूर्ण असेल तर दया दाखवणारे. एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येऊन, समोसा खाता खाता आपली विकेट काढणारे! पण मित्रमैत्रिणींनो, या लेखात व्हायव्हा नाही. हा लेख हार्ड डिस्कबद्दल आहे. आणि थोडासा माझ्या आजोबांबद्दल.

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा माझा थर्ड लँग्वेजवाला विषय. आजही कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मी मनात आधी भाषांतर करते आणि बऱ्याचदा एकोणऐंशीवर जाऊन पोचते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी पोटात घालाव्यात.

तर झालं असं. मागच्या दिवाळीत आईने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. मला वाटलं चकल्या. आत निघाल्या आठ छोट्या कॅसेट, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या. मामाने २००४ साली हँडीकॅम घेतला होता, त्याच्या या मिनी डीव्ही टेप. प्रत्येकीवर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं. तिसऱ्या टेपवर लिहिलं होतं, ‘वाई, दिवाळी २००६, अण्णा’.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेले २००८ मध्ये. मी तेव्हा तीन वर्षांची होते, त्यामुळे आजोबा म्हणजे माझ्यासाठी हॉलमधला हार घातलेला फोटो. त्यांचा आवाज कसा होता हे मला माहीतच नव्हतं. आई म्हणाली, ‘‘तू एवढी इंजिनिअर होतेयस, तर हे मोबाईलवर आणून दे की.’’

आईला वाटतं मोबाईलवर आणणं म्हणजे पेन ड्राइव्ह लावून कॉपी-पेस्ट. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं!

मामाकडे हँडीकॅम अजून होता. बॅटरी मेलेली, पण अ‍ॅडॅप्टरवर चालत होता. त्यातून पूर्ण दर्जाचा व्हिडिओ बाहेर काढायला लागतं फायरवायर, आणि फायरवायरचं पोर्ट हल्लीच्या लॅपटॉपला नसतंच. हॉस्टेलमध्ये चौकशी केली तर अर्ध्या मुलींना ते ब्राउझरचं नाव वाटलं. शेवटी आमच्या डिपार्टमेंटच्या लॅबमधले काका कामाला आले. कोपऱ्यात एक जुना पीसी आहे, विंडोज एक्सपीवाला. पूर्वी त्यावर गॅदरिंगचं शूटिंग एडिट करायचे, म्हणून त्यात फायरवायरचं कार्ड आहे. काका म्हणाले, ‘‘शनिवारी लॅब रिकामी असते. ये. पण साडेआठला कुलूप लागेल.’’ नऊला आमचं लेडीज हॉस्टेलचं गेट बंद होतं, म्हणजे ठीकच.

आता पहिला प्रश्न: व्हिडिओ साठवायचा कुठे? त्या पीसीत एकच हार्ड डिस्क, ८० जीबीची, आणि तीही गच्च भरलेली. माझ्याकडे होती एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क, एका सीनियर ताईकडून स्वस्तात घेतलेली. मी ऐटीत म्हटलं, ‘‘काका, टेन्शनच नाही, एक टीबी आहे!’’ काका नुसते ‘हूं’ म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण व्हायव्हाला एक्स्टर्नल सर अस्संच ‘हूं’ म्हणतात.

आजोबांची टेप घातली. फायरवायरच्या केबलचं चार पिनचं बारकं टोक कॅमेऱ्याला, सहा पिनचं मोठं टोक पीसीला. प्ले. स्क्रीनवर वाईच्या घराचं अंगण, रांगोळी, आणि मामाचा आवाज, ‘‘अण्णा, इकडे बघा!’’ कॅप्चरचं बटण दाबलं. टेप एक तासाची. मी विचार केला, तासभर इथे बसून काय करायचं? तेवढ्यात मेसमध्ये जेवून येऊ. शनिवारी पावभाजी असते.

परत आले तेव्हा टेप संपून कॅमेरा आपोआप थांबला होता. पण फाईल होती फक्त १९ मिनिटं ५३ सेकंदांची. पुढची चाळीस मिनिटं कॅमेऱ्यात वाजली आणि हवेत गेली.

असं का झालं, याचं गणित मी रात्री मांडलं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्ही व्हिडिओची एक फ्रेम १,४४,००० बाइटची असते. सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, थोडक्यात ३.६ एमबी. तासाला १३ जीबीला किंचित कमी. आणि ताईने ती डिस्क कॉमन रूमच्या टीव्हीवर सिनेमे लागावेत म्हणून एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेली होती. एफएटी ३२ मध्ये एका फाईलचा आकार लिहायला ३२ बिट असतात, त्यामुळे एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. ४ जीबीला ३.६ एमबीने भागा. ११९३ सेकंद. १९ मिनिटं ५३ सेकंद! उत्तर इतकं बरोबर आलं की मला रडावं की हसावं कळेना. डिस्कमध्ये ९०० जीबीच्या वर जागा रिकामी होती हो! पण घर केवढं का मोठं असेना, दारातून कपाट आत जायला हवं ना.

पुढच्या शनिवारी मी शहाणी होऊन गेले. म्हटलं, आता एक्स्टर्नलची भानगडच नको, इंटर्नलवरच घेऊ. इंटर्नल म्हणजे आपलेच सर! काकांच्या परवानगीने २०११ च्या बॅचचे कुठले कुठले प्रोजेक्ट फोल्डर उडवून ‘सी’ ड्राइव्हवर वीस जीबी जागा केली. तो ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये होता, म्हणजे ४ जीबीची अडचण नाही. या वेळी मी खुर्चीवरून हलले नाही. आजोबांना पहिल्यांदा नीट पाहिलं. पांढरा सदरा, टोपी, आणि मांडीवर एक गोल गरगरीत बाळ. ते बाळ म्हणजे मी.

आणि खाली कोपऱ्यात एक आकडा वाढत होता. ड्रॉप्ड फ्रेम्स: ४... २७... १०९... शेवटी ३१२. पंचविसाने भागलं तर साडेबारा सेकंद. एका तासात साडेबारा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. पण ते सलग जात नाहीत. इकडे अर्धा सेकंद, तिकडे दीड सेकंद. बोलणारा माणूस मध्येच अडखळल्यासारखा होतो.

मी वैतागून काकांना म्हटलं, ‘‘ही डिस्क जुनी असली तरी सेकंदाला चाळीस-पन्नास एमबी लिहिते. मला हवेत फक्त साडेतीन. मग फ्रेम पडतातच कशा?’’

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, ‘‘स्पीड पुरतो गं. पण त्याच डिस्कवर विंडोज आहे, त्यावरच अँटीव्हायरस, आणि त्यावरच तुझा व्हिडिओ. मेसच्या मावशी पोळ्या लाटतायत. मध्येच कोणी फोन दिला, मध्येच कोणी भाजी वाढायला लावली. मावशींचा हात सावकाश आहे का? नाही. पण तवा थांबतो का?’’

ही गोष्ट मला कुठल्याही लेक्चरपेक्षा नीट कळली. हार्ड डिस्कचं लिहिणारं हेड एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतं. अँटीव्हायरसने त्याला डिस्कच्या दुसऱ्या टोकाला पळवलं, की व्हिडिओला थांबावं लागतं. थोडा वेळ बफर सांभाळून घेतो, पण तो भरला की संपलं. आणि कॅमेरा काही थांबत नाही. पेन ड्राइव्हवरून कॉपी करताना संगणक म्हणू शकतो, ‘थांब जरा, परत दे.’ फायरवायरवरून येणाऱ्या व्हिडिओला तसं म्हणता येत नाही. टेप फिरत राहते, फ्रेम येत राहतात. घेतली तर घेतली, नाही तर गेली. याला म्हणायचं कॅप्चर. मी इतके दिवस त्याला कॉपी समजत होते.

मग काका म्हणाले, ‘‘तू प्रश्नच चुकीचा विचारतेयस. इंटर्नल की एक्स्टर्नल, असं नसतं. आधी सांग, पकडायचंय की ठेवायचंय? पकडायची डिस्क वेगळी, ठेवायची वेगळी.’’

काकांनी डेड स्टॉकच्या कपाटातून एक २५० जीबीची डिस्क काढली, एका मोडीत निघालेल्या मशीनमधली. रजिस्टरमध्ये नोंद करून घेतली, माझी सही घेतली (‘‘संध्याकाळी परत कपाटात, नाहीतर ऑडिटला मी सापडीन’’) आणि ती त्याच पीसीच्या पोटात दुसरी डिस्क म्हणून बसवली. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. विंडोज पहिल्या डिस्कवर, व्हिडिओ दुसरीवर. अँटीव्हायरस तेवढ्यापुरता बंद. नेट तर त्या पीसीला नव्हतंच. आधी ज्या टेपवर नुसती सहलीतली झाडं होती ती लावून दहा मिनिटं चाचणी घेतली. ड्रॉप्ड फ्रेम्स: ०.

मग आजोबांची टेप तिसऱ्यांदा घातली. आकडा शून्यावर. वीस मिनिटं, शून्य. चाळीस मिनिटं, शून्य. मी देवाचं नाव घेत होते. आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला कॅमेऱ्यातून ‘कुर्र’ असा आवाज आला. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज गेला. काही सेकंदांनी सगळं परत नीट झालं. टेप काढून पाहिली तर तिथे एक चुणी पडली होती. सहा मिलिमीटर रुंदीची ती पट्टी, आणि तिच्यावर पडलेली चुणी इस्त्री करून जात नाही.

ड्रॉप्ड फ्रेम तरीही शून्यच होत्या. डिस्कने तिचं काम चोख केलं होतं. पण टेपने दोन वेळा सांभाळून घेतलं आणि तिसऱ्या वेळी ती थकली. पहिल्या शनिवारी मी मेसला न जाता तिथे बसले असते, डिस्कचं फॉरमॅट आधी तपासलं असतं, तर तेव्हा टेप धडधाकट होती. पावभाजीसुद्धा काही फार चांगली नव्हती.

त्या एक्केचाळिसाव्या मिनिटाला आजोबा काय करत होते? पाढे म्हणत होते! साधे नाहीत. मामेभावाला समोर बसवून औटकी म्हणत होते. औट म्हणजे साडेतीन, हे मला तेव्हा कळलं. आमच्या आधीच्या पिढ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचेही पाढे पाठ असायचे. मी ‘टू टूज आर फोर’वाली. मला साडेतीनचा पाढा असतो हेच नवीन. आणि गंमत बघा, डीव्ही टेपचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन एमबी. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते ते गणित आजोबांनी बसल्या जागी तोंडी सोडवलं असतं.

दुसऱ्या शनिवारची अडखळणारी फाईल मी सुदैवाने डिलीट केली नव्हती. तिसऱ्या फाईलमधला चौकोनी झालेला तुकडा कापला आणि तिथे दुसरीतला तुकडा जोडला. चित्र आलं. आवाजही आला. फक्त नेमक्या तिथेच काही फ्रेम पडलेल्या होत्या. आजोबा म्हणतात, ‘‘औट... सात... साडेदहा... चौदा... साडेसतरा...’’ मग एक झटका, आणि एकदम ‘‘साडेचोवीस’’.

त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी आईला फोनवर तो आवाज ऐकवला. आधीच सांगून टाकलं, ‘‘आई, मध्ये थोडं गेलंय. माझ्यामुळे.’’ आई काही बोलली नाही. मी प्ले केलं. साडेसतरापाशी आवाज तुटला आणि पलीकडून आई लगेच म्हणाली, ‘‘एकवीस.’’ अगदी त्याच चालीत, एक ठोकाही न चुकवता. मग फोनवर बराच वेळ शांतता. नंतर म्हणाली, ‘‘अगं, एकवीस चुकलं की अण्णा परत पहिल्यापासून म्हणायला लावायचे.’’

आईला हा पाढा येतो हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

असो. फार सेंटी झालं. आता जरा कामाचं.

तुमच्याही घरी असे डबे असतील, तर माझ्या तीन शनिवारांचा हा हिशेब वापरा. डेस्कटॉप असेल तर विंडोजच्या डिस्कवर कॅप्चर करू नका. दुसरी इंटर्नल डिस्क लावा, जुनी चालेल, पण आधी नकोशा टेपवर चाचणी घ्या. एक्स्टर्नलवरही डीव्ही पकडता येतं. सेकंदाला ३.६ एमबी म्हणजे यूएसबी २ लासुद्धा किरकोळ आहे, ते प्रत्यक्षात तीसेक एमबी ओढतं. पण डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये हवी, एफएटी ३२ मध्ये नको. पॉवर सेव्हिंगमध्ये डिस्क झोपायची सोय बंद करा, आणि हबमधून नको, थेट पोर्टमध्ये लावा. केबल टेबलाच्या कडेला लोंबती ठेवू नका, रूममेटचा पाय लागतो म्हणजे लागतोच.

माझ्या रूममेटकडे आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस आहे. तिथे गणित बदलतं. कॉम्प्रेस न करता पकडायचं तर सेकंदाला साधारण २१ एमबी लागतात, तासाला ७५ जीबीच्या आसपास. तिथे यूएसबी २ ची दमछाक होते. अशा वेळी इंटर्नल डिस्क, नाहीतर यूएसबी ३ वाली एक्स्टर्नल. एसएसडी असेल तर उत्तमच, तिच्यात इकडेतिकडे पळणारं हेडच नसतं.

आणि पकडून झालं की ते एक्स्टर्नलवर न्या, कारण पीसीच्या पोटातली डिस्क आईकडे पाठवता येत नाही. १३ जीबी कॉपी व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. कॉपी मध्येच तुटली तर परत करा, काही बिघडत नाही. कॉपी पुन्हा होते, कॅप्चरचं तसं नाही. दोन्ही फाईलींचा एमडी ५ काढून जुळवा. आणि एक्स्टर्नल एकच ठेवू नका. ती हातातून पडते, बॅगेत दबते, हॉस्टेलमध्ये तर ‘एक सिनेमा देते का’ म्हणून फिरायला जाते ती परतच येत नाही. आठ टेपचे मिळून आमचे १०४ जीबी झाले. एक डिस्क आईकडे, एक मामाकडे. बाकीच्या सात टेप एकेका फेरीत, शून्य ड्रॉपने निघाल्या. डेड स्टॉकची डिस्क कपाटात परत गेली, नोंदीसकट.

आईने तिची डिस्क पैठणीच्या घडीत ठेवली आहे. मी सांगितलं, ‘‘अगं, वर्षातून एकदा तरी लावून बघत जा.’’ ती म्हणाली, ‘‘दर दिवाळीला लावू.’’

मोडतोड झालेला तो तुकडा मी दुरुस्त करायचा बराच प्रयत्न केला. कोणीतरी सुचवलं, तिथे दुसऱ्याचा आवाज भर, कळणार नाही. पण मी तो तसाच ठेवलाय. सध्या मी औटकी पाठ करतेय. सहाव्या घरापर्यंत न चुकता येते.

— टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन